मदत हवी आहे : प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्य आणि दारूच्या व्यसनावर उपचार सुरू करताना आधी काय करावे?

पीएचसी_वैद्य :
नमस्कार मंडळी. मराठवाड्यातले केंद्र, सुमारे ३० हजार लोकसंख्या, ६ उपकेंद्रे, २ वैद्यकीय अधिकारी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून एकदा तालुक्याला येते. आपण चिठ्ठी देऊन तिकडे पाठवतो, पण बरेच रुग्ण पोचतच नाहीत. म्हणून हे उपचार इथेच द्यायचे आहेत. आशांकडून घरोघर तपासणी आधी सुरू करावी का? दारू सोडणाऱ्यांपैकी कोणाला इथे सांभाळता येईल, कोणाला पुढे पाठवावे? आणि औषधे? मागणी केली तरी नैराश्यावरची गोळी एस्सिटालोप्राम आलीच नाही.

साठा_आणि_नोंद :
डॉक्टर, घरोघर तपासणी सर्वात शेवटी. आशाताईंनी पन्नास जण शोधून आणले आणि त्यांना द्यायला गोळी नसली, तर ती माणसे पुन्हा केंद्राची पायरी चढत नाहीत आणि आशाताईंचा गावातला शब्द जातो.

गोळ्या न येण्याचे कारण साधे आहे. मागणी बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीच्या वापरावरून ठरते. वापर शून्य, म्हणून पुरवठा शून्य. मागणीपत्रासोबत हिशेब जोडा : २० रुग्ण, रोज १ गोळी, म्हणजे महिन्याला ६०० आणि तीन महिन्यांच्या १,८००. पहिला साठा येईपर्यंत रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदीचा ठराव घ्या. औषधांची यादी लांबवू नका. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटीन यांपैकी एक, भास-भ्रमांच्या आजारांसाठी रिस्पेरिडोन, दारू सोडतानाचा त्रास आवरायला डायझेपाम व लोराझेपाम, आणि थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शने व गोळ्या एवढ्यावर सुरुवात होते.

दुसरी अडचण वाटपाच्या खिडकीवर येते. तिथे पाच दिवसांच्या गोळ्या द्यायची सवय असते. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, आणि मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात होते. रुग्णाला वाटते औषध बाधले, आणि तो बंद करतो. त्यामुळे १५ दिवसांच्या गोळ्या द्या (आत्महत्येचा धोका नसेल तरच), एस्सिटालोप्राम असेल तर पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. सातव्या दिवशी उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने फोन करावाच. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवायचे, हे पहिल्याच भेटीत घरच्यांसमोर सांगा. औषध सुरू करण्याआधी एक प्रश्न चुकवू नका : पूर्वी कधी आठवडाभर झोप नको, बडबड, उधळपट्टी असे झाले होते का? उत्तर हो असेल तर ही गोळी एकटी देऊ नका, आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

आणि 'मनोरुग्ण कक्ष' अशी वेगळी पाटी नको. रक्तदाब-मधुमेहाच्या दिवशी, त्याच रांगेत, त्याच रजिस्टरच्या पद्धतीने चालवा.

दारूमुक्ती_परिचारिका :
दारूबद्दल. पितो किती, हे 'पेग' विचारून कळत नाही. क्वार्टर विचारा. विदेशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे ऑडिट (दारूच्या सवयीची दहा प्रश्नांची प्रश्नावली) मधली ६ प्रमाणित पेये. या प्रश्नावलीत ८ किंवा जास्त गुण आले तर सल्ला द्यायचा. २० किंवा जास्त म्हणजे बहुधा दारूवर परावलंबित्व, म्हणजे व्यसन जडलेले.

थांबवल्यावर थरथर, घाम, उलटी ६ ते २४ तासांत सुरू होते. फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, भ्रमिष्टपणा ४८ ते ७२ तासांत. म्हणून आज सकाळी 'बराच आहे' असे दिसणे पुरेसे नाही. पूर्वी फिट आली असेल, भ्रम झाला असेल, कावीळ, पोटात पाणी, डोक्याला मार, ताप, गरोदरपण, घरी सांभाळायला कोणीच नसणे, यांपैकी काहीही असेल तर जिल्हा रुग्णालयात. बाकीच्यांना रोज केंद्रात बोलवा, नाडी-रक्तदाब पाहा, डायझेपाम विभागून द्या आणि ५ ते ७ दिवसांत कमी करत बंद करा. गोळ्या एका वेळी एका-दोन दिवसांच्याच, आणि घरच्यांच्या हाती. यकृत खराब असल्याची शंका आली आणि पाठवणे लांबले तर डायझेपामऐवजी लोराझेपाम.

सगळ्यात घातक सवय म्हणजे आल्याआल्या ग्लुकोजचे सलाईन लावणे. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. उलट झाले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिन सुईने ३ ते ५ दिवस, मग गोळी. पोटातून ते नीट शोषले जात नाही, म्हणून सुरुवातीला नुसत्या गोळीवर भागवू नका.

नवऱ्याला न सांगता जेवणात डायसल्फिराम (दारू प्यायल्यास त्रास होईल अशी गोळी) मिसळायचे का, असे बायका विचारतील. नाही म्हणून ठामपणे सांगा. नकळत गोळी दिलेली असताना तो प्यायला तर रक्तदाब एकदम घसरतो आणि जीव जाऊ शकतो.

पीएचसी_वैद्य :
ताई, थायमिनचा मुद्दा आजच कर्मचाऱ्यांना सांगते. पण समुपदेशन कोण करणार? आमच्याकडे मानसशास्त्रज्ञ नाही.

समुपदेशन_गोवा :
मानसशास्त्रज्ञासाठी थांबू नका. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगथ संस्थेने सामान्य शिक्षण घेतलेल्यांना प्रशिक्षण देऊन हेच करून दाखवले. नैराश्यासाठी ६ ते ८ भेटी, दारूसाठी चारपर्यंत. नैराश्याच्या भेटींचा गाभा म्हणजे माणसाने सोडून दिलेली कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करणे : विहिरीवर जाणे, बचतगटाची बैठक, मुलाचा अभ्यास. दर भेटीत एकच काम ठरवायचे आणि पुढच्या भेटीत ते झाले का, नाही तर काय आडवे आले, हे विचारायचे. तुमच्याकडे हे समुदाय आरोग्य अधिकारी आणि एक परिचारिका करू शकतील. मात्र पंधरवड्यातून एकदा जिल्ह्याच्या पथकातल्या कोणीतरी फोनवर त्यांच्या केसेस ऐकल्याच पाहिजेत. देखरेख तुटली की भेटी म्हणजे नुसता उपदेश होतो. दारूच्या भेटीत तर विशेष. 'सोडून दे' म्हणणारे त्याच्या घरात आधीच चारजण असतात.

पीएचसी_वैद्य :
आणि आत्महत्येचे विचार आहेत असे म्हटले तर?

साठा_आणि_नोंद :
थेट विचारा, विचारल्याने विचार बळावत नाही. सासू किंवा नवरा कानाशी असताना विचारू नका. बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल तर एकटे न सोडता त्याच दिवशी पाठवायचे. पाठवण्याइतका धोका नसेल तरी गोळ्या एका आठवड्याच्याच, त्याही घरच्यांकडे. अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरची जुनी गोळी) मुळीच नको, जास्त घेतल्यास हृदयावर परिणाम होतो. घरात कीटकनाशक कुठे ठेवले आहे ते विचारा. आजच कुलपात किंवा शेजाऱ्याकडे हलवायला सांगा, आणि आशाताईंनी दुसऱ्या दिवशी जाऊन बघावे. रात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या, तिथे मराठीत बोलता येते.