४ जीबीच्या लॅपटॉपवर जेन्टू की डेबियन?

मांजराकाठ, लातूर:
नमस्कार. बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाचा जुना लॅपटॉप मिळालाय. दोन कोअर, ४ जीबी रॅम. बॅटरी गेलेली, त्यामुळं चार्जर लावूनच चालवायलोय. त्यावर लिनक्स टाकायचंय. एक मित्र म्हणतो जेन्टू टाक, सगळं आपल्याच मशीनवर कंपाइल होतं, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम बांधला जातो, मशीन पळतं. दुसरा म्हणतो डेबियन टाक, त्यात प्रोग्राम तयार बांधलेले मिळतात, आणि अभ्यासाला लाग. नेट मोबाइलचंच, रोज १.५ जीबी. काय करू?

गोदाकाठ, नांदेड:
भावा, डेबियन टाक. असल्याच मशीनवर मी दोन वर्षं जेन्टू चालवलंय.

मशीन पळतं म्हणून जेन्टू घेऊ नको. रोजच्या कामात तो फरक मला कधी जाणवला नाही. जुनं मशीन दमतं ते ब्राउझर आणि जड डेस्कटॉपनं, म्हणून डेबियनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घे. जेन्टूची खरी मजा यूझ फ्लॅगमध्ये आहे. ब्लूटूथ नको असलं तर प्रोग्राम बांधतानाच तो भाग वगळता येतो. ही मोकळीक मला अजून आवडते.

पण कंपाइल करताना एका जॉबला (एका वेळी चालणाऱ्या एका कामाला) साधारण २ जीबी रॅम धरावी लागते, म्हणजे तुझी रॅम दोन जॉबमध्येच संपली. मी मे महिन्यात रात्री ब्राउझर बांधायला लावून झोपलो होतो. पहाटे लाइट गेली. माझीही बॅटरी मेलेलीच. इमर्जला, म्हणजे जेन्टूच्या पॅकेज बांधायच्या कमांडला, रिझ्यूम दिलं तर यादी थांबली तिथून पुढं चालते, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. लागोपाठ तीन रात्री हेच. चौथ्या दिवशी तयार बांधलेला फायरफॉक्स घेतला. तुझ्या डेटाचंही बघ, फायरफॉक्सचा नुसता सोर्सच अर्ध्या जीबीच्या आसपास आहे.

आधी प्रोसेसर ६४-बिट आहे का ते तपास. डेबियन १३ ला ३२-बिटचा इन्स्टॉलर नाही.

दुधना, परभणी:
गोदाकाठदादा, एक भर घालतो. डिसेंबर २०२३ पासून जेन्टू स्वतःच तयार पॅकेजं देतं. यूझ फ्लॅग जुळले तर तीच उतरतात, नाही तर कंपाइल. त्यामुळं तीन रात्रींचा त्रास आता पुष्कळ कमी झालाय. आणि जेन्टूचं हँडबुक समोर ठेवून डिस्कचं पार्टिशन, कर्नल (सिस्टिमचा गाभा), एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठं जोडायचं ती यादी) हातानं केलं तेव्हा मला लिनक्स कळलं. विद्यार्थ्याला त्यापासून अगदीच तोडू नका.

गोदाकाठ, नांदेड:
बरोबर आहे तुमचं. मग मांजराकाठ, असं कर. डेबियनवरच एका फोल्डरमध्ये जेन्टूचा स्टेज ३ (मूळ सिस्टिमची तयार फाइल) उघड आणि सीएचरूट करून, म्हणजे तो फोल्डरच सिस्टिमचं मूळ मानून, आत जा. कर्नल आणि बूट त्यात येणार नाही, पण इमर्ज, यूझ फ्लॅग सगळं हाताखालून जाईल. बिघडलं तर फोल्डर उडव, मात्र आत जोडलेले प्रॉक, डेव्ह हे डेबियनचे सिस्टिम फोल्डर आधी अनमाउंट कर. त्याच्याही आधी डेबियनमध्येच एचटॉपचा (चालू कामं दाखवणारा प्रोग्राम) सोर्स ॲप्टनं, म्हणजे डेबियनच्या पॅकेज आणायच्या कमांडनं, आणून बांधून बघ. छोटा आहे, लाइट जायच्या आत होतो.

मांजराकाठ, लातूर:
प्रोसेसर ६४-बिट निघाला, डेबियन १३ बसलं. एचटॉप बांधला, मदतीच्या पानावर माझी एक ओळ घातली, ती दिसली! आईलाही दाखवली. स्टेज ३ सोमवारी कॉलेजच्या वायफायवर उतरवतो. दादा, आत गेल्यावर पहिलं पॅकेज कोणतं बांधू?