तलवार आणि लेसर एकाच टेबलावर: रंगत की भेसळ?

रानवारा:
रोलप्लेइंग खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र वठवायच्या खेळात, जादू आणि यंत्रं एकत्र आली की आमच्या गटातले अर्धे लोक ‘भेसळ’ म्हणून नाक मुरडतात. मला हे मुळीच पटत नाही. फक्त एक अट आहे: एकाची किंमत दुसऱ्यात मोजावी लागली पाहिजे. शॅडोरन (1989) हा खेळ घ्या. पात्राचा ‘इसेन्स’, म्हणजे जीवशक्तीचा आकडा, 6 पासून सुरू होतो आणि शरीरात यंत्र बसवलं की घटतो. आम्ही पाचवी आवृत्ती खेळतो. तिच्यात इसेन्स अंशभर जरी गेला तरी मांत्रिकाच्या जादूचा अख्खा एक अंक जातो. आमची मांत्रिक यांत्रिक डोळ्यांसाठी अर्धं सत्र अडून बसली होती. एकदा पेन उचलायची, मग परत खाली ठेवायची. शेवटी नाही बसवले. असा पेच निव्वळ तलवारींच्या जगात मला कधी भेटलेला नाही.

पिंपळपान:
शॅडोरनचं ठीक आहे, तो खेळ पहिल्यापासून तसाच बांधलेला आहे. पण बहुतेक ठिकाणी काय होतं? डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या नियमपुस्तकात, लेसर रायफलचं नुकसान तीन आठ-बाजूंचे फासे आहे, लाँगस्वोर्डचं एक. माझ्या योद्ध्याने वडिलांची तलवार परत मिळवायला कित्येक सत्रं घालवली होती. मग एका पडलेल्या यानात रायफल सापडली आणि ती तलवार पुन्हा म्यानातून निघालीच नाही. मला फार लागलं ते.

रानवारा:
त्याच पुस्तकात त्या रायफलला एका सेलवर 30 च गोळ्या आहेत. सेल मोजूनमापून दिले असते तर तलवार परत हातात आली असती.

पिंपळपान:
गोळ्या मोजून माझं दुखणं जाणार नाही. ‘लेसर’ हा शब्द कानावर पडला की टेबलावरचा प्रत्येक जण वस्तू ओळखतो. जादूच्या जगातलं गूढ तिथेच संपतं.

चांदणवेल:
मग तो शब्दच उच्चारायचा नाही! डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सचं ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ (1980) हे त्याच खेळासाठीचं तयार साहस हेच करतं. डोंगरात कोसळलेलं अंतराळयान, पण पात्रांना त्याचा गंध नाही. सोबत चित्रांची वेगळी पुस्तिका आहे: नाव सांगायचं नाही, चित्र समोर धरायचं. दारं रंगीत कार्डांनी उघडतात. मी ते चालवलं तेव्हा एकाने कार्डाला ताईत समजून दोरा ओवला आणि गळ्यात घातलं. बंद दारापाशी तो वाकून फट बघत होता, कार्ड खाचेला लागलं आणि दार सरकलं. सगळे गप्प. मग त्याच्या पात्राने, तो पुजारी होता, गुडघे टेकले. गूढ संपलं म्हणता? मला तर तिथे ते दुप्पट झालेलं दिसलं.

आणि भेसळ म्हणजे काय? डी अँड डी आलं 1974 ला. त्याच्याच 1975 च्या ब्लॅकमूर पुरवणीतल्या बेडकाच्या मंदिरात परग्रहावरची यंत्रं आहेतच. हे दोन्ही प्रवाह वेगळे कधी नव्हतेच.

पिंपळपान:
जुनं आहे म्हणून चांगलं, हे काही मी मानणार नाही. ताईताचा प्रसंग मात्र सुंदर आहे. पण तो एकदाच घडतो. दुसऱ्या यानात सगळे आधी कार्डच शोधतील.

चांदणवेल:
न्यूमेनेरा (2013) हा खेळ बघा. तिथे सायफर नावाच्या वस्तू एकदाच वापरता येतात आणि एका वेळी मोजक्याच बाळगता येतात. सवय होईपर्यंत वस्तू हातातून गेलेली असते.

पिंपळपान:
खेळलोय. दर खोलीत नवीन अजब वस्तू. चौथ्या सत्रापर्यंत मी वर्णनं ऐकणं सोडून दिलं होतं. सगळंच अजब असेल तर अजब काय उरलं? मला एका अख्ख्या मोहिमेत एकच यंत्र द्या, तेही बिघडलेलं. मी आनंदाने खेळेन.

रानवारा:
याला माझी ना नाही. बाकी, आमच्या मांत्रिकाने परवा डोळे बसवले. बोगद्यात आमचा एक सोबती अंधारात मागे राहिला, त्यानंतर. जादूचा आकडा तिने स्वतःच खोडला आणि कागद कुणाला दाखवला नाही.