ब्लॅकजॅकला पैसे पाकिटांत वाटून नेणं: शहाणपणा की मनाची समजूत?

गुळाची_ढेप
आम्ही चौघं वर्षातनं दोनदा आजरा-आंबोलीमार्गे पणजीला जातो. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर बाकीचे काय वाटेल ते खेळतात, मी फक्त ब्लॅकजॅक (पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पुढं गेलं की हरलो), आणि तेही पाऊण तास. दहा हजार नेतो, पाच-पाचची दोन पाकिटं करून. पहिलं संपलं की उठायचं, डेकवर वारा खायचा, जेवायचं. मग वाटलंच तर दुसरं. पाचाचे साडेसात झाले तरी उठायचं. टेबल पाचशेचं असतंय, म्हणजे कमीत कमी बेट पाचशे, आणि बेट मी कधी वाढवत नाही.

गेल्या खेपेला आमच्यातला एक माझ्या शेजारी बसला. त्याची रीत उलटी, हरला की दुप्पट. पाचशे, हजार, दोन, चार, आठ. सलग पाच डाव गेले, म्हणजे साडेपंधरा हजार. सहाव्याला सोळा लावायला गेला, तर डीलरनं, म्हणजे पत्ते वाटणाऱ्यानं, पाटीकडं बोट केलं: कमाल बेट दहा हजार. गडी आजरा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

माझं म्हणणं, थोडा वेळ बसणाऱ्यानं पत्त्यापेक्षा पाकीट सांभाळावं. पटतंय का?

पत्ता_बावन्न
अर्धं पटलं. दुप्पट करणाऱ्याचं तर व्हायचंच होतं. ब्लॅकजॅकमध्ये १०० डावांत साधारण ४२ आपण जिंकतो, ४९ हरतो, बाकी बरोबरीत सुटतात. बरोबरीचे सोडले तर पन्नास डावांत कुठंतरी सलग पाच हार येणं हे निम्म्याहून जास्त वेळा घडतं. त्याला ते नशीब वाटलं असेल.

पण तुमची पाकिटंही मला चुकीची वाटतात. पाऊण तासात पन्नासेक डाव होतात. पाचशेच्या बेटवर पन्नास डावांची चढ-उतार साधारण चार हजारांची असते. म्हणजे पाच हजाराचं पाकीट पाचातनं एकदा वेळेआधीच रिकामं होणार. तेच दहा हजार एका खिशात ठेवले तर सत्तरातनं एकदा वगैरे. पैसे तेवढेच, पण वाटल्यामुळं तुम्ही स्वतःला मधेच उठवताय.

आणि खरी अडचण वेगळी आहे. हातात ११, डीलरचा ६ उघडा, म्हणजे आपल्या बाजूचा डाव, आणि पाकिटात डबल करायला (त्याच डावात बेट दुप्पट करून एकच पत्ता घ्यायला) पाचशे नाहीत. वर्षभर ज्या पत्त्याची वाट बघितली तोच सोडून द्यायचा?

गुळाची_ढेप
हे झालंय माझ्याबरोबर. ११ च होते. दुसऱ्या पाकिटाला हात लावला नाही, नुसता पत्ता घेतला, दश्शा आला. जिंकलो पाचशेच. रात्रभर डोक्यात तेच.

तालीम_गल्ली
बावन्नदादा, गणित बरोबर असंल, पण माणूस गणितावर उठत न्हाई, काहीतरी संपल्यावर उठतंय. तिथं घड्याळ दिसत न्हाई, खाणंपिणं एन्ट्रीतच, पोरगं ट्रे घेऊन सारखं मागं उभं. कॅसिनोचा वाटा डावागणिक कापला जातोय की न्हाई? मग जेवढे डाव कमी तेवढा काप कमी. पाकीट मधेच संपतंय ही त्याची खोड न्हाई भावा, त्यासाठीच ते केलंय.

पत्ता_बावन्न
डाव कमी म्हणजे काप कमी, कबूल. पण मग वेळ ठरवा, मोबाईलला गजर लावा. 'साडेसात झाले की उठतो' यात मात्र काही तथ्य नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही परत त्याच खेळाला बसणार. दोन बैठकांच्या मधे जेवलात म्हणून पत्ते नवीन हिशोब मांडत नाहीत. सगळी मिळून एकच लांब बैठक असते.

तालीम_गल्ली
मग लगीन झाल्यावर पगार पण एकच लांब पगार म्हणायचा का 😄

उसाचं_बिल
मी खेळत नाही, पण घरातलं माणूस जातं, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं दहा हजारांवर भांडताय. डिझेल, एन्ट्री, खोली, परतीचं जेवण, हे कुठल्या पाकिटात? आमच्याकडे साखर कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की ह्यांचे मित्र गोळा होतात. कायद्यानं बिल १४ दिवसांत यायला हवं, येतं कधी ते सगळ्यांना ठाऊक. आल्यावर पहिलं सोसायटीचं कर्ज, मग खत. उरलं तर पाकीट. गेल्या वर्षी क्रम उलटा झाला होता, एवढंच सांगते.

पत्ता_बावन्न
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. नीट खेळणाऱ्याचा कॅसिनोला जाणारा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे पन्नास डावांना सव्वाशे रुपये. प्रवासाचा खर्च त्याच्या कित्येक पट.

नवा_भिडू
एवढं लांब कशाला जायचं? मोबाईलवर शंभर रुपयांपासून खेळता येतं की.

गुळाची_ढेप
केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. अजून जे ॲप चालतंय ते कुठनं चालतंय आणि पैसे परत देतंय का, हे तूच बघ. त्यात पडू नको.

पत्ता_बावन्न
पाकिटाच्या भांडणात एक राहिलं. बसण्याआधी टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाले, की दोनास तीन मिळतात की पाचास सहा? पाचशेवर पहिल्यात ७५० येतात, दुसऱ्यात ६००. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो, म्हणजे पाचास सहाच्या टेबलावर तुमच्या पन्नास डावांत साडेतीनशेच्या आसपास नुसते कापडावर गेले. वरच्या सव्वाशेच्या जवळजवळ तिप्पट.

गुळाची_ढेप
हे कधी बघितलंच नव्हतं. ठीक, पुढच्या खेपेला दहा हजार एकाच खिशात आणि पाऊण तासाचा गजर. साडेसातचा नियम, म्हणजे अडीच हजार वर आले की उठायचं, हा मात्र सोडणार नाही, खोटा असला तरी. अडीच हजार खिशात घालून गरम कोंबडी वड्यांवर बसायची मजा तुम्हाला गणितात मिळायची नाही.

ताईंचं डिझेलचं पाकीट आजपासनं वेगळं लिहितोय.

धागा आमच्या दुप्पटवाल्यालाही पाठवला. त्याचा एकच प्रश्न आलाय: "टेबलाची मर्यादा वीस हजार असती तर?"

तालीम_गल्ली
तर गडी कोल्हापूर येईपर्यंत बोलला नसता.