अनुभव धागा : पुण्यातील महाविद्यालयीन वर्षे आणि आपली कॅथलिक श्रद्धा

बावखल

गेल्या आठवड्यात वसईहून भाचीचा फोन आला. तिला शिवाजीनगरच्या बाजूला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. तिचा प्रश्न एवढाच होता की रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला) कोठे जायचे, आणि सकाळची चुकली तर संध्याकाळची मिळेल का. १९९४ साली पुण्यात आल्यावर मीही एका सीनियर मुलीला हेच विचारले होते आणि तिने खांदे उडवले होते. फोन ठेवल्यावर ते सगळे दिवस पुन्हा आठवले, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्या गावात श्रद्धा सांभाळावी लागत नसे. घंटा झाली की सगळे निघत, संध्याकाळी आजी रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसली की आपणही बसायचे, आणि एखाद्या रविवारी दिसला नाहीत तर शेजारीण सोमवारी दारात येऊन ताप आला होता का म्हणून विचारत असे. पुण्यात मात्र मी गेले काय आणि न गेले काय, विचारणारे कोणीच नव्हते. मी सायकलने शिवाजीनगरहून नाना पेठेतल्या सिटी चर्चला जात असे. वाटेत मंगळवार पेठेत रविवारचा जुना बाजार भरलेला असायचा. रस्त्याच्या कडेला मांडलेले लोखंडी पाने, पितळी कड्या, बंद पडलेली घड्याळे आणि एकेकटे बूट यांमधून सायकल हातात धरून चालत जावे लागे, आणि मिस्सा सुरू होण्याची वेळ टळत चालली आहे हे त्यांपैकी कोणत्याही घड्याळात कळत नसे. सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये हे चर्च उभे राहिले, हे मला तेथे जाऊ लागल्यावर पुष्कळ दिवसांनी कळले. आपण शहराच्या कडेला कोठेतरी उपरे म्हणून राहतो आहोत ही मनातली भावना त्या एका माहितीने बरीच कमी झाली.

अडचण भाषेची होती. आमची प्रार्थना मराठीतली आणि मला मिळायची ती मिस्सा इंग्रजीतली. सगळे इंग्रजीत उत्तरे देत असताना मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ओठांतल्या ओठांत म्हणत असे. मग गायनमंडळातल्या एका बाईंनी माझा आवाज ऐकून मला शनिवारच्या सरावाला बोलावले, आणि तेथून पुढे माझी जागा रिकामी राहिली की कोणीतरी विचारू लागले. माझी श्रद्धा त्या काळात टिकली ती फार वाचन केले म्हणून नव्हे, तर कोणीतरी माझी वाट पाहत होते म्हणून, असे माझे आजचे मत आहे. आपापले अनुभव जरूर लिहावेत. भाचीला हा धागा वाचायला देणार आहे.

प्रवरातीर

आपली गोष्ट वसईकरांपेक्षा थोडी वेगळी आहे. आम्ही श्रीरामपूरकडचे, आमचे आडनाव गावातल्या बौद्ध आणि हिंदू घरांतही आहे. त्यामुळे पुण्यातल्या वसतिगृहात मी ख्रिस्ती आहे हे मी स्वतः सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नसे, आणि सांगितल्यावर ‘मग तुझे नाव असे कसे’ हा प्रश्न ठरलेला असे.

माझ्या श्रद्धेची पहिली परीक्षा प्रवेश अर्जावरच झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती मुळात हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्रात आमची गणना इतर मागासवर्गात होते. गावातल्या एका जाणत्या माणसाने वडिलांना बाजूला घेऊन सांगितले की धर्माच्या रकान्यात काय लिहायचे याचा नीट विचार करा, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे. त्यांनी हे वाईट बुद्धीने सांगितले नव्हते. वडील रात्रभर काही बोलले नाहीत आणि सकाळी त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवून ‘तूच लिही’ एवढेच म्हटले. मी ख्रिस्ती असे लिहिले. ज्यांनी वेगळे लिहिले त्यांना मी नावे ठेवत नाही, कारण ज्या घरात फी भरायला बैल विकावा लागतो त्या घराला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. परंतु आपण कोण हे अठराव्या वर्षी शाईने लिहावे लागले, त्यामुळे पुढे रविवारी उठण्याचा कंटाळा ही गोष्ट मला फार मोठी कधी वाटली नाही.

दुसरे म्हणजे श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मारिया मातेची, यात्रा. ८ सप्टेंबरच्या सुमारास यात्रा भरते आणि पुष्कळदा त्याच दिवसांत पुण्यात गणेशोत्सव असतो. रस्ते बंद, बस कोठून सुटेल याचा पत्ता नाही, अशा स्थितीत पाठीला पिशवी लावून वाघोलीपर्यंत पायी जाऊन मी नगरची गाडी पकडली आहे. ढोलपथकात असलेल्या माझ्या वर्गमित्रांनीच मला गर्दीतून वाट काढून दिली होती.

खडकीकर

प्रवरातीर, वाघोलीपर्यंत पायी म्हणजे यात्रा तेथूनच सुरू झाली म्हणायची.

माझा अनुभव अगदी अलीकडचा आहे. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार २०२४ साली नेमका १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन डेला, आला. मी पहाटे खडकीच्या संत इग्नेशियस चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून घेतली आणि तसाच फर्ग्युसन रस्त्यावर वर्गाला गेलो. सगळा रस्ता लाल फुगे आणि गुलाब यांनी भरलेला होता. एका मित्राने कोणत्या देवळातला अंगारा आहे म्हणून विचारले, दुसरीने तोंडाला काही लागले आहे असे सांगून रुमाल पुढे केला. दुपारी मेसमध्ये बुधवार म्हणून चिकन होते. चौदा वर्षांपुढच्यांनी त्या दिवशी मांस वर्ज्य करायचे आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवासही करायचा, हा आपला नियम मी काकूंना समजावून सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अरे, तुमच्यातही उपास असतो, हे आधी नाही का सांगायचं?’ त्या दिवसापासून उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी माझ्या ताटात न मागता पिठले येऊ लागले. आमच्या मेसमध्ये तिखटाला हात सैल होता, त्यामुळे प्रायश्चित्त आपोआप घडत असे.

ताम्रसृती

मी विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. माझ्यापुढे प्रश्न एकटेपणाचा नव्हता, विचारांचा होता, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या वर्गात मी एकटीच कॅथलिक होते आणि वाद रोजचा होता. महास्फोटाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू होते, १९२७ मध्ये त्यांनी प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित प्रसिद्ध केले आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना मांडली, हे माझे हुकमी उत्तर असे. पण त्याच आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था होती आणि आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर आयुष्यभर महास्फोटाविरुद्धची बाजू मांडली होती. हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांचा १९९३ चा, विश्वाला एकच आरंभ नाही असे मानणारा अर्ध-स्थिर स्थितीचा सिद्धांत आमच्या कट्ट्यावर चर्चेला येई. एका मित्राने मला शांतपणे विचारले की उद्या नारळीकर बरोबर ठरले तर तू रविवारी चर्चला जायचे बंद करणार का. मला उत्तर सुचले नाही आणि ती रात्र मला झोप लागली नाही.

नगर रस्त्यावर धर्मगुरूंना शिक्षण देणाऱ्या ज्ञानदीप विद्यापीठाच्या परिसरात शिकवणाऱ्या एका फादरांना मी जाऊन भेटले. त्यांनी आधी मला ताम्रसृती (दूर जाणाऱ्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकणे) म्हणजे काय ते फळ्यावर समजावून सांगायला लावले, कारण त्यांना ते खरोखरच जाणून घ्यायचे होते. मग त्यांनी सांगितले की १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी नव्या विश्वरचनाशास्त्रात निर्मितीची साक्ष दिसते अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते स्वतः लमेत्र. आपला सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे, तो खरा ठरो की खोटा, त्यावर देवाचे असणे टांगून ठेवू नये, अशी त्यांची भूमिका होती. फादर म्हणाले, ‘देव हा काही तुमच्या समीकरणातला अज्ञात नाही. विश्व अनादि ठरले तरी ते का आहे हा प्रश्न उरतोच.’ हे उत्तर मित्राला पटले नाही. मला पटले, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर मला वाद जिंकण्याची गरज वाटेनाशी झाली. मी नारळीकरांच्या व्याख्यानाला गेले, मन लावून ऐकले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी मिस्सेला गेले.

विज्ञान शिकणाऱ्या मुलांना धर्मग्रामातून (आपापल्या चर्चच्या स्थानिक समुदायातून) केवळ ‘शंका घेऊ नका’ असे सांगितले जाते, याचा मला आजही राग येतो. शंका घेऊन जाण्याची जागा पुण्यात आहे, एवढे तरी त्यांना सांगायला हवे.

पूर्वाश्रमीची

सगळ्यांनीच टिकल्याच्या गोष्टी लिहिल्या आहेत, म्हणून न टिकल्याची एक लिहिते. पुण्यात आल्यावर मी मिस्सेला जाणे थांबवले. कोणाशी भांडण नव्हते, वाईट अनुभवही नव्हता. घरी असताना जे करत होते ते आईसाठी करत होते, हे येथे आल्यावर माझ्या लक्षात आले. तो काळ मला वाया गेलेला वाटत नाही. आता नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला जाते आणि शेवटच्या बाकावर बसते. त्यापुढे काय ते मला आज सांगता येणार नाही. बावखल, तुमच्या भाचीला हेही वाचू द्यावे.

बावखल

पूर्वाश्रमीची, नक्कीच वाचू देईन. सिटी चर्चला आलात तर शेवटच्या बाकावर माझ्यासाठी थोडी जागा ठेवा, आता गुडघ्यांमुळे मला गायनमंडळाच्या माडीवर चढून गायला जमत नाही.

तोरणा

आमच्या पुण्यात रविवार म्हणजे ट्रेक, आणि ट्रेक म्हणजे पहाटे साडेचारला स्वारगेट. त्यामुळे मिस्सा की राजगड हा प्रश्न दर आठवड्याला पडत असे. आदल्या दिवशी संध्याकाळी होणारी मिस्सा रविवारच्या कर्तव्यात धरली जाते हे मला एका सीनियरने सांगितले आणि प्रश्न मिटला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण त्यांचे पेपर हमखास रविवारीच येतात.

पिएर जॉर्जो फ्रसाती यांच्याविषयी तेव्हाच वाचले. इटलीतल्या तुरीन येथे खाणकाम अभियांत्रिकी शिकणारा, डोंगर चढणारा आणि गरिबांच्या घरी औषधे पोहोचवणारा हा मुलगा पदवी हाती येण्याआधीच १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद दिले. ज्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेत ते काम करत, तीही १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केली होती. हे कळल्यावर मी आमच्या चर्चमधल्या त्या संस्थेच्या गटात गेलो. तेथे सगळे काका साठीच्या पुढचे होते. धान्याची पोती उचलायला तरुण मनुष्य मिळाला म्हणून त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

सदाशिव पेठ

मी ख्रिस्ती नाही, परंतु लिहिण्याचा मोह आवरत नाही. माझा रूममेट नंदुरबारकडचा कॅथलिक होता आणि त्याची झोप कुंभकर्णाची होती. रविवारी त्याला मिस्सेसाठी उठवण्याचे काम त्याच्या आईने फोनवरून माझ्याकडे सोपवले होते. मी स्वतः देवळात जात नसे, तरी तीन वर्षांत त्याची मिस्सा चुकू दिली नाही, कारण त्या माउलीला उत्तर मला द्यावे लागले असते.

एक पालक

माझा मुलगा या वर्षी पिंपरी-चिंचवडच्या बाजूला शिकायला येत आहे. सगळे अनुभव वाचून धीर आला. तेथे तरुणांचे काही गट आहेत का? चांगल्या संगतीत राहिला तर काळजी मिटेल. आम्ही गावाकडचे आहोत आणि त्याचे इंग्रजी बेताचे आहे.

ताम्रसृती

आपण त्याला आधी जवळच्या धर्मग्रामात पाठवावे आणि मराठी मिस्सेची वेळ विचारायला सांगावे. विद्यार्थ्यांसाठी १९२४ पासून चालत आलेली ऐकुफ ही कॅथलिक विद्यार्थ्यांची संघटना आहे, केरळमध्ये सुरू झालेली जीझस यूथ ही कॅथलिक तरुणांची चळवळ आहे. त्याच्या महाविद्यालयाजवळ यांपैकी काय चालू आहे हे तेथील फादर सांगू शकतील. जीझस यूथच्या मुलांत मल्याळम अधिक ऐकू येते, त्याने बिचकू नये. गिटार वाजवता येत असेल तर भाषेवाचून अडत नाही.

एक पालक

गिटार नाही, पण तो ढोलकी उत्तम वाजवतो.

खडकीकर

मग त्याला आमच्याकडेच पाठवा. आमचा ढोलकीवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून मराठी मिस्सेला आम्ही टाळ्यांवर भागवत आहोत.