मांजराचे दात काढणं हा क्रूरपणा नाही, दुखणं रेटत ठेवणं हा क्रूरपणा आहे

माऊची_ताई, पुणे
परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं, की हिरड्या आणि तोंड सुजत राहण्याच्या जुनाट आजारात मांजराचे सगळे दात काढणारे डॉक्टर पैशासाठी करतात आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनवर मांजर छान राहतं. मला हे अजिबात पटलेलं नाही.

माझा बोका चार वर्षांचा. भूक लागली की वाटीपाशी धावत यायचा, एक घास घ्यायचा आणि किंचाळून मागे उडी मारायचा. मग त्या वाटीवरच फिस्कारायचा. आम्ही म्हणायचो, नखरे करतोय. नंतर लाळ गळायला लागली, तोंडाला कुजका वास, पुढचा पांढरा पंजा लाळ पुसून पुसून तपकिरी. अंग चाटणं सोडलं, पाठीवर केसांच्या गुठळ्या झाल्या. जांभई देतानासुद्धा ओरडायचा. ‘तोंड आलंय, होईल बरं’ असं म्हणत महिना घालवला, त्याचं आजही वाईट वाटतं.

वर्षभर इंजेक्शनं झाली. पहिल्याने दोन महिने आराम, शेवटच्याने जेमतेम दोन आठवडे. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन एक्स-रे काढला आणि सगळ्या दाढा काढल्या, फक्त सुळे आणि पुढचे बारीक दात ठेवले. दीड महिन्यात तो पाठ चाटायला लागला. आता कोरडं खाणंही तसंच गिळतो.

चाळकरी, ठाणे
ताई, तुमचा बोका घरात उशीवर झोपतो. मी गल्लीतली आठ मांजरं सांभाळतो. त्यातल्या एका मनीला हाच आजार आहे. तिला पकडायचं, भूल, एक्स-रे, दाढा काढायच्या, मग आठवडाभर वेदनाशामक द्यायचं. हे सगळं कोण करणार? खर्च माझ्या पगारात बसत नाही. इंजेक्शन दिलं की ती दुसऱ्या दिवशी खाते. मला तिचं आजचं पोट बघावं लागतं.

आजी_नाशिक
मी तर सगळे दात काढून बघितले. तीसच्या तीस. तरी माझ्या माऊचं पूर्ण बरं झालं नाही, अजून गोळ्या चालू आहेत. आधी कुणी नीट सांगितलं असतं तर मनाची तयारी तरी झाली असती. ‘दात काढा, संपलं’ असं सांगू नका गं कुणाला.

पशुवैद्य
आजींचा अनुभव खरा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ मांजरांचे दात काढले होते. त्यातली २७ पूर्ण बरी झाली, ३७ मध्ये मोठा फरक पडला, बाकीच्यांत थोडा किंवा काहीच नाही. सगळे दात काढले की फक्त दाढा, याने निकालात फरक दिसला नाही. ज्यांना फरक पडला त्यांतल्याही अनेकांना पुढे काही काळ औषधं लागली.

या आजारात दातांवरच्या किटणाला आणि जंतूंना शरीर अति प्रतिक्रिया देतं. म्हणून लाली हिरड्यांवर थांबत नाही, मागे घशाच्या दोन्ही बाजूंना पसरते. यातल्या बहुतेक मांजरांत कॅलिसी (मांजरांना सर्दी आणि तोंडात फोड आणणारा) विषाणू सापडतो. एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) आणि एफईएलव्ही (मांजरांतला ल्युकेमियाचा विषाणू) यांची तपासणीही करून घ्यावी. दात काढल्यावर एक्स-रे हवाच, मुळाचा तुकडा राहिला तर सूज राहते.

स्टिरॉइड वाईट औषध नाही, पण दीर्घकाळ परिणाम टिकणारी इंजेक्शनं पुन्हा पुन्हा दिली तर मांजराला मधुमेह होऊ शकतो. आणि एक हात जोडून सांगतो: दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकतं.

चाळकरी, ठाणे
मधुमेहाचं मला कुणी बोललं नव्हतं. मनीला गेल्या वर्षी पाच इंजेक्शनं झालीत. पण डॉक्टर, रस्त्यावरच्या मांजराला रोज गोळी देता येत नाही, हेही खरं आहे ना?

पशुवैद्य
खरं आहे. म्हणूनच रस्त्यावरच्या मांजरासाठी मी दाढा काढण्याकडे जास्त झुकतो. एकदा पकडायचं, एकदाच भूल. नसबंदी राहिली असेल तर तीही त्याच वेळी होते का, ते डॉक्टरांना विचारा.

माऊची_ताई, पुणे
आजी, मी ‘संपलं’ असं लिहिलं नव्हतं, पण वाचताना तसंच वाटतं, हे मान्य. माझं म्हणणं एवढंच, की इंजेक्शनचा आराम दर वेळी कमी दिवस टिकायला लागला की वाट बघू नये. दादा, मनीचं वय काय? लाळ आहे का?

चाळकरी, ठाणे
तीनेक वर्षांची असेल. लाळ आहे, आणि आता तुम्ही लिहिल्यावर आठवलं, तिचाही उजवा पंजा कायम मळका असतो. मला वाटायचं गटारातून येते. पिंजरा शेजारच्या इमारतीतल्या काकूंकडे आहे, रविवारी मागून आणतो.