प्लास्टर निघालं म्हणजे माणूस कामावर गेला असं नसतं
वर कोणीतरी लिहिलंय की प्लास्टर निघालं की माणूस आपोआप कामाला लागतो, मला नाही पटत. अंधेरीच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर बोटं चेपली तर परत त्याच मशीनसमोर उभं राहायची भीती बसते ना, ती एक्सरेत दिसत नाही, आणि विरारहून गर्दीच्या लोकलमधे एका हाताने चढायचं कसं? ईएसआयसीत (सरकारी कामगार विम्यात) तात्पुरत्या अपंगत्वाचे सरासरी रोजाच्या ९०% मिळतात, पण कंत्राटी पोराचं नावच भरलेलं नसेल तर तो हात सुजलेला असतानाच येतो, दुखणं आयुष्यभराचं होतं. माझ्या मते मोठा फरक सुपरवायझरचा पडतो, सुट्टीत विचारपूस, आल्यावर काही आठवडे हलकं काम. घरी जितके जास्त महिने जातात तितकं परतणं अवघड होतं, त्यामुळे सुपरवायझरचं परतण्याबद्दल बोलणं पहिल्या आठवड्यातच व्हायला पाहिजे.