सुपरहिरोचा कामधंदा आणि विनोदी चित्रपटातले घरभाडे

प्रश्न (झाडीतला प्रेक्षक, आरमोरी तालुका) :
मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. धान घरात आले की हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटके पाहतो आणि एरवी मोबाईलवर मिळेल ते. मागच्या महिन्यात पुतण्यांच्या आग्रहाखातर २०१९चा ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हिंदीतून पाहिला. चित्रपट तीन तासांचा. निम्मा झाला असेल, तेव्हा शेजारी वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या आईने विचारले, “हे सारे लोकं पोटासाठी कामधंदा कोणता करते?” त्यात एक धनाढ्य कारखानदार, एक शास्त्रज्ञ आणि एक चक्क देव आहे, एवढेच मला सांगता आले. उलट १९८८चा ‘अशी ही बनवाबनवी’ घरात कितव्यांदा लागला याची मोजदाद नाही, तरी आई कामे टाकून समोर येऊन बसते. एक प्रकार एकदाच पाहवतो आणि दुसरा पुन्हा पुन्हा, असे का होत असावे?

प्रतिसाद १ (वणीकर) :
भाऊ, उत्तर तुमच्या मातोश्रींच्या प्रश्नातच आहे. ‘बनवाबनवी’तला सगळा गोंधळ डोक्यावर छप्पर नाही म्हणून सुरू होतो, घरमालकीण केवळ जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. शिक्षणासाठी नागपूर-पुण्यात खोली शोधत फिरलेल्या आमच्याकडच्या कोणत्याही पोराला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. विनोद टिकतो तो अशा अडचणीमुळे. नुसत्या कोट्या दुसऱ्या खेपेला शिळ्या होतात.

प्रतिसाद २ (कापूसवाला, यवतमाळ जिल्हा) :
वणीकरांचे म्हणणे पटते, पण त्यावरून सगळ्या सुपरहिरोंना मोडीत काढू नये. १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’त अदृश्य होण्याचे यंत्र हाती येण्याआधी नायकाच्या घरी अनाथ मुले आहेत, भाडे थकलेले आहे आणि किराणा संपलेला आहे. २००४च्या ‘स्पायडर-मॅन २’मधला पीटर तर पिझ्झा वेळेत पोहोचवता न आल्याने नोकरी गमावतो आणि घरमालकाला चुकवत जिना चढतो. या दोघांच्या हातून भिंती पडल्या नसत्या तरी मी ते चित्रपट पाहिले असते. जिथे शहरेच्या शहरे कोसळतात आणि लगेच कुणीतरी विनोद करते, तिथे मात्र मला ना भीती वाटते, ना हसू येते.

प्रतिसाद ३ (निवृत्त गुरुजी, भंडारा जिल्हा) :
आपण सर्वांनी एक गोष्ट बाजूला ठेवली आहे, ती म्हणजे पडदा. वीतभर मोबाईलवर आकाशातले युद्ध पाहणे म्हणजे शंकरपट खिडकीच्या फटीतून पाहण्यासारखे आहे. बैलांचे पाय दिसतील, धाव दिसणार नाही. विनोदाला वीतभर पडदा पुरतो, कारण तिथे चेहरा आणि शब्द चालतो. शिवाय मूळ इंग्रजी विनोद हिंदीतून आपल्यापर्यंत येईस्तोवर त्याचा निम्मा रस वाटेतच सांडलेला असतो.

झाडीतला प्रेक्षक :
गुरुजी, पडद्याचे अगदी खरे आहे, पण मोठ्या पडद्यासाठी सहा जणांनी नागपूर गाठायचे तर प्रवासखर्चाचाच विचार करावा लागतो. तूर्त कापूसवाल्यांनी सांगितलेला पिझ्झावाला रविवारी घरी लावून पाहतो. त्याचा कामधंदा तरी आईला सांगता येईल.